सोललेली बोटं

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात वृंदाच्या बोटांची सालं निघायला लागली, तेव्हा तिच्या आईला, उमाताईंना वाटलं, उष्णता झाली असेल. डॉक्टरांनी मात्र बोटं निरखून पाहिली आणि विचारलं, "काजूच्या बियांचं तेल लागलंय. पावस गावच्या रस्त्यावरच्या काजूच्या कारखान्यात जाते की काय ही?"

घरी आल्यावर उमाताईंनी दार लावलं. त्या म्हणाल्या, "मैत्रिणीकडे जाते सांगून बिया फोडायला जात होतीस होय गो?"

"मला भाड्याची सायकल चालवायची होती. तू पैसे देत नव्हतीस."

"येऊ देत बाबांना पेढीवरून. त्यांनाच सांगते."

"त्यांना माहीत आहे."

"माहीत आहे? आणि मला बोलले नाहीत?"

वृंदा रडायलाच लागली. "मी पहिल्यांदा गेले, तेव्हा बाबा तिथे भट्टीवर बिया भाजत होते. त्यांची पेढी दिवाळीतच बंद झाली, आई. संध्याकाळी ते तिथल्या नळावर अंघोळ करतात आणि इस्त्रीचा शर्ट घालून घरी येतात."

उमाताई खाली बसल्या. रोज सकाळी ऑफिसचा डबा भरून देणारे आपलेच हात त्या बघत राहिल्या.

तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. त्या घाईघाईने उठल्या, पदराने लेकीचे डोळे पुसले आणि हलकेच म्हणाल्या, "मला कळलंय, हे त्यांना सांगू नकोस हो."