अठ्ठेचाळीस आकडे

"सहा आकड्यांचा एक गट, असे आठ गट आहेत," हेल्वी फोनवर म्हणाली. "एकदाच वाचेन. कान साफ करून बस."

ताउनोने पेन्सिल उचलली. नऊ वर्षांनी तो बहिणीचा आवाज ऐकत होता. तिने शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून दहा वर्षं झाली, तरी बाईंचा आवाज काही गेला नव्हता.

त्याचा जुना लॅपटॉप आठवड्यापूर्वी कायमचा बसला. दुरुस्तीवाल्याने त्यातली डिस्क काढून नव्या लॅपटॉपला जोडून दिली. पण डिस्कला कुलूप होतं आणि नेहमीचा पासवर्ड तिला चालेना. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्लीच हवी होती. ती छापलेला कागद कुओपिओला हेल्वीच्या कपाटात. आपल्या घराला आग लागली तर दुसरीकडे असावा, म्हणून त्यानेच तिथे ठेवलेला. अतिशहाणपणा, दुसरं काय! कारण दोनच महिन्यांनी त्याने वडिलांनी बांधलेली तळ्याकाठची सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, तिला न विचारता पाडली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

कुलपाआड त्याच्या बायकोचा, आइलाचा आवाज होता. शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणावरून जे जे बोलली, ते त्याने रोज रेकॉर्ड केलं होतं. दुसरी प्रत नव्हती. म्हणून आज नाक मुठीत धरून हा फोन.

"...चार, शून्य, सात."

"सात की आठ?"

"सात. ऐकू येत नाही का रे?"

चार गट झाले. मग हेल्वीने वाचणं थांबवलं.

"पाचवा सांग ना."

"आइला गेल्याचं मला पेपरात वाचून कळलं, ताउनो."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला. हिने आत्ता फोन ठेवला, तर सगळं संपलं.

"कळवायचं होतं," तो म्हणाला. "तोंड नव्हतं गं मला. चुकलं माझं. त्या सौनाचंही चुकलं."

पलीकडे कागदाची सळसळ झाली.

"तिच्या हातच्या मनुकांच्या पावाची अजून आठवण येते मला," हेल्वी म्हणाली. मग तिने पाचवा गट वाचला. सहावा. सातवा. आठवा. आता ती सावकाश वाचत होती, आणि मधेच तिचा आवाज ओला होत होता.

ताउनोने लिहून घेतलेले आकडे लॅपटॉपवर भरले आणि शेवटचा आकडा दाबला. पडदा क्षणभर काळा झाला. मग फाइलींची रांग उलगडत गेली. आइला, जानेवारी. आइला, फेब्रुवारी. तो बघतच राहिला. एकही गेली नव्हती.

"झालं ना तुझं काम?" हेल्वीने विचारलं. "मग ठेवते मी."

"नाही उघडलं गं," ताउनो म्हणाला. "पहिल्यापासून वाच."