तांदळाची राखण

वागियेम पुन्हा मागच्या दारानं बाहेर पडली. शेल्याखाली, पोटाशी, उंचवटा होता.

सुकिंतेन ओसरीवर पाहुण्यांना चहा देत होती. चहा बशीत सांडला.

"बघितलंस ना, वहिनी?" नणंद पार्ती कानाशी आली. "सलग तिसरी दुपार. साठीच्या विधवेला दिवस गेलेत म्हणायचे."

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. तांदूळ भरभर चाललेत."

लग्नघरात तांदळाची खोली एकाच बाईच्या हाती असते. गावचे म्हातारे जन्मवार जुळवून तिचं नाव काढतात. ती उपास धरते. पहाटे सगळ्यांच्या आधी येते, एकटी आत जाते, करवंटीनं तांदूळ काढून चुलीकडे धाडते. मांडव उतरेपर्यंत एक अक्षर बोलत नाही. आणि घरच्या बाईनं त्या खोलीत डोकवायचं नाही. डोकावलं की बरकत जाते.

म्हाताऱ्यांनी नाव काढलं वागियेमचं. सगळ्या गावात नेमकं तिचंच.

तीन वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून तिचं आणि सुकिंतेनचं, दोन्ही घरं कुदळी घेऊन बांधावर उभी राहिली होती. त्याच सुमारास वागियेमचा नवरा गेला. सुकिंतेन मयताला गेली. तिथं पाणीसुद्धा प्यायली नाही.

"पुढच्या महिन्यात त्याला जाऊन हजार दिवस भरतात," पार्ती म्हणाली. "गावजेवण घालायचंय तिला. तांदूळ राखून ठेवलेत म्हणे. कुणाचे राखलेत, ते आता कळलं."

सुकिंतेन मनाशी मोजत होती.

पहिल्या दिवशी काय मोजलं: पाट्या. लग्नाला येणारी बाई पाटीत तांदूळ घेऊन येते. यंदा शेतं उंदरांनी खाल्ली होती. पाट्यांत शेवया निघाल्या, साखर निघाली, नारळ निघाले. सुकिंतेननं सगळं हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी: तोंडं. दीडशे. एक पाहुणी म्हणाली, "भात किती मऊ गं तुझा!" सुकिंतेनला ते तोंडदेखलं वाटलं. तिच्या घरचा तांदूळ जाडा.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज: वऱ्हाड. साठ माणसं. दुपारी येणार. त्यांच्या पानात भात कमी पडला तर लेकीला, रेत्नोला सासरी जन्मभर ऐकावं लागेल. उपाशी घरची. एवढे दोन शब्द. पोरीचं सगळं आयुष्य त्यात मावेल.

ती चुलीपाशी गेली. म्हाताऱ्या सेनेनआजी भाताची टोपली वाफेवर चढवत होत्या.

"आजी, तांदूळ पुरतील?"

"येतायत तोवर शिजवते. कुठून येतात ते मला कशाला विचारतेस?"

वेशीवर मोटारींचे भोंगे वाजले. वऱ्हाड आलं. बायका पदर सावरत पुढे पळाल्या. सुकिंतेन मात्र मागे गेली.

वागियेम अजून परसातच होती. हौदावर पाय धूत होती. सुकिंतेननं तिचं मनगट धरलं, तिला तांदळाच्या खोलीत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

डोकवायचं नाही, असं होतं. ती अख्खी आत आली होती.

"शेला सोडा, यू." यू म्हणजे ताई; थोरल्या बाईला यूच म्हणायचं, भांडण असलं तरी.

वागियेम मागे सरली.

"बोला की! बरं सापडलंय तुम्हाला हे मौन. माझ्या पोरीच्या ताटातलं उचलताना हात नाही थरथरला?"

वागियेमनं मान खाली घातली. शेला दोन्ही हातांनी घट्ट धरला.

सुकिंतेननं तो हिसकला.

घडी घातलेली गोणी खाली पडली.

रिकामी.

सुकिंतेननं ती उलटी केली. झटकली. चार दाणे पडले. बारीक, पांढरे. गोणीवर गिरणीवाल्यानं काळ्या शाईनं मालकाचं नाव घातलं होतं. कार्योदी. वागियेमचा नवरा.

सुकिंतेननं आपल्या रांजणावरचं झाकण काढलं. लग्नाआधी तिनं स्वतः भरलेला रांजण. आत हात घातला. बोटं तळाला लागली. तळ कोरडा होता, आणि एका कडेला कोळ्यानं जाळं विणायला घेतलं होतं.

रांजणाशेजारी टोपली. टोपलीत तांदळाची शीग. साठ माणसांना पुरून उरेल एवढी.

बारीक. पांढरी.

तीन दिवस ती बाहेर काय जातं ते बघत होती.

बाहेर पावलं वाजली. पुष्कळ. दारावर थाप पडली.

"वहिनी! आत आहेस ना? पकडलीस ना तिला?" पार्तीचा आवाज उत्साहानं चिरकत होता. "विहीणबाईसुद्धा आल्यात बघ, माझ्याजवळच उभ्या आहेत. लाजतेस कसली? चोर आपल्या घरचा थोडाच आहे! सांग की मोठ्यानं, किती तांदूळ निघाले तिच्याकडं?"

सुकिंतेननं गोणी छातीशी धरली. तिचं तोंड उघडलं.

वागियेमनं तांदळाच्या पिठानं पांढरं झालेलं बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं.

सुकिंतेनच्या.