काळ्या मोत्यांची पारख

नातीच्या लग्नासाठी निवडलेल्या सरातील तिसरा काळा मोतीही त्र्यंबकरावांनी दातांवर हलकेच घासला, आणि पुन्हा एकदा घासून पाहिला. पहिल्या दोन मोत्यांप्रमाणेच खऱ्या मोत्याची ती सूक्ष्म खरखर यालाही लागतच नव्हती. काचेचा मणी असावा तसा तो गुळगुळीत सरकत होता.

“खोटा असेल तर स्पष्ट सांगा, काका,” सराफ दुखावून म्हणाला. “माझ्या वडिलांनी जन्मभर तुमच्या शब्दावर मोती घेतले.”

त्र्यंबकरावांनी सर अस्वस्थपणे दाराच्या उजेडात धरला. काळ्या रंगाच्या आत मोरपिशी झाक खेळत होती, दोन दाणे तंतोतंत सारखे नव्हते. ही तर अस्सलपणाचीच लक्षणे. मग दात असे का सांगत होते? खोटा म्हणावे, तर प्रामाणिक माणसावर बालंट. खरा म्हणावे, तर चाळीस वर्षे जपलेल्या जिभेने अंदाज ठोकणे.

“बाबा, कवळी टोचतेय का? सारखं तोंड हलवताय,” शेजारी बसलेली लेक कुजबुजली.

त्यांचा हात थबकला. कवळी बसवून जेमतेम आठवडा झाला होता. तिला खरखर कुठून कळणार?

मग त्यांनी मोती रुमालाने पुसून लेकीच्या तळहातावर ठेवला. “माझे दात आता कामाचे नाहीत, नलू. तू घास.”

नलूने घासला आणि ती दचकली. “अगंबाई! बारीक वाळू लागावी तसं लागतंय.”

“मग सांग त्यांना,” त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्या पेढीवर प्रथमच दुसऱ्याच्या शब्दाची वाट पाहत बसले.