राखाडी ठिपका

चॅटच्या प्रोग्रॅमसाठी मी नावापुढचे ठिपके काढायचे. माणूस हजर असला की हिरवा, नसला की राखाडी. स्मायली काढायची ती, माझ्या शेजारच्या टेबलावरची. साहेब येताजाता तिचंच कौतुक करायचे. काय एवढं, पिवळा गोळा आणि दोन डोळे! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आज ती जेवायला गेल्यावर मी तिच्या लाडक्या स्मायलीच्या ओठांचा एक कोपरा हळूच खाली ओढला.

ती परतली, तेव्हा तिच्याच ओठांचा कोपरा लोंबत होता.

"गंमत केलीस होय?" माझ्या कीबोर्डवरची एक कळ दाबत ती वाकड्या तोंडाने म्हणाली. "मग मीही तुझा ठिपका राखाडी केला."

मी घाबरून साहेबांना हाक मारली. ते आले. मी बसले होते त्याच खुर्चीत बॅग ठेवत त्यांनी तिला विचारलं, "ही आज आलीच नाही का गं?"