पाहुण्याची नात

हे कोणी खरं मानणार नाही, आणि मानूही नये. पण ज्या माणसाला कोशकारांनी स्वतःच्या पेन्सिलीने जन्माला घातलं होतं, त्याची नात एका दुपारी जिना चढून थेट त्यांच्या टेबलासमोर येऊन बसली. वर येताना ती जिन्याच्या वळणावर बराच वेळ थांबली होती. दम घेत असेल, असं कोशकारांना वाटलं. त्या जिन्याने भल्याभल्यांचा घाम काढला होता.

तिने पिशवीतून तीन पुस्तकं काढली, खुणेची पानं उघडून ठेवली.

“हे माझे आजोबा,” ती म्हणाली.

कोशकारांनी पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. घडीचा पूल बांधणारे थोर अभियंते. चरित्रकोशातल्या चार ओळी, त्यांनीच तरुणपणी लिहिलेल्या. कोश करणारे असा एखादा न झालेला माणूस मुद्दाम आत सोडून देतात. कोणी कोश ढापून छापला, की हा माणूसही त्याच्या घरात सापडतो आणि चोरी उघडी पडते. या खोलीत अशा नोंदीला ‘पाहुणा’ म्हणत.

पाहुणा बाहेर जाऊन चांगलाच गुटगुटीत झाला होता. एका पुस्तकाने त्याला मिशा दिल्या होत्या. दुसऱ्याने सुवर्णपदक दिलं होतं. तिसऱ्याने त्याला पुरात वाहून नेलं होतं आणि वर दोन पानं हळहळ केली होती. प्रत्येकाने तळटीपेत दुसऱ्याचा हवाला दिला होता, आणि शेवटच्याने कोशाचा. चोर पकडायला बसवलेला माणूस सगळ्यांचा साक्षीदार होऊन बसला होता.

कोशकारांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. समोर नव्या आवृत्तीची तपासायची मुद्रितं पडली होती. पाहुणे काढून टाका, असं मालकांनी सांगितलं होतं. चोरांच्या मागे धावायचं बळ आता कोणात उरलंय? सकाळपासून खोडून खोडून त्यांचं मनगट भरून आलं होतं. पूलवाल्याचीच पाळी होती.

“बाबा अनाथाश्रमात वाढले,” ती सांगत होती. “सोबत नुसतं आडनाव आलेलं. त्या आडनावाचा दुसरा माणूस मला कुठे मिळाला नाही. बाबा आता दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणतात, काय बोलायचं ते बोलून घ्या. ते रोज एकच विचारतात, मी कोणाचा गं? मी या पुस्तकावरून त्या पुस्तकावर हिंडत इथे येऊन पोचले. पुढे रस्ता नाही. तुम्ही लिहिलंत, म्हणजे तुम्हालाच ठाऊक. होते ना हे?”

“नव्हते” म्हणायला काही लागत नव्हतं. पण आणखी एक माणूस खोडायचं कोशकारांच्या जिवावर आलं.

“होते,” ते म्हणाले.

तिने उघडं पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं.

“आश्रमातली एक बाई बाबांना सांगायची म्हणे, की आजोबा पाण्याला फार घाबरायचे.”

“घाबरायचे?” कोशकार खुर्चीत सरसावून बसले. थकवा कुठल्या कुठे गेला. “अहो ताई, पेल्यातलं पाणीसुद्धा डोळे मिटून प्यायचे. स्वतःच्या पुलावर कधी पाऊल टाकलं नाही त्यांनी. उद्घाटनाच्या दिवशी खुर्चीत बसवून, डोक्यावर टॉवेल टाकून चौघांनी पलीकडे नेलं. अर्ध्यात पोचल्यावर आतून विचारतात, नदी आली का हो? आणि पलीकडे उतरले ते उतरलेच. परत यायची छाती होईना. हे पलीकडे, घरचे अलीकडे, मध्ये पाणी. वर्षं गेली अशी. हे सगळं माझ्या टिपणांत होतं बरं का. जागा नव्हती म्हणून गाळावं लागलं.”

कोशकारांचा आवाज खाली आला.

“बाबांना सांगा, लेकराला टाकलं नव्हतं त्यांनी. पाणी आडवं आलं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने टिपलं. मग एकेक पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं, अगदी सावकाश, जणू ती पुस्तकं मघापेक्षा जड झाली होती.

“बाबांना आश्रमात कोणी काही सांगितलं नव्हतं, काका,” ती म्हणाली. “पाण्याची भीती मी रचली. आत्ता, तुमच्या जिन्याच्या वळणावर.”