चौथाईवरचा चेहरा

ग्रिमला माझ्या टोपलीतले अर्ध्या पेनीचे पाव हवे होते, म्हणून मी नेहमीसारखी त्याच्या चांदीच्या पेनीचे दोन तुकडे करायला, मागच्या क्रुसाच्या रेघेवरून कात्री चालवली. एका तुकड्यावर राजाचं नाक यायला हवं होतं आणि दुसऱ्यावर मानेमागचे केस.

दोन्ही तुकड्यांवर अख्खा चेहरा होता, फक्त लहान.

"टोवा, नदीत फेक ते," ग्रिम कुजबुजला. वाम मासे विकणारा हा धिप्पाड गडी, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. "खोटं नाणं पाडलंस म्हणतील. हात तोडतील तुझा."

"नाणं तुझं आणि हात माझा होय रे? आपल्या लिंकनच्या टाकसाळीतली खरी चांदी आहे ही. मी का लपवू?"

बाजाराचा अंमलदार वजनं तपासत इकडेच येत होता. मी एक तुकडा उचलून पुन्हा कापला. दोन्ही चौथायांवर चेहरा होताच. मघापर्यंत राजा डावीकडे बघत होता. आता तो माझ्याकडे बघत होता.

"अगं, बास कर!"

"त्यानं बास करावं."

अंमलदाराची सावली पावांवर पडली. "काय चाललंय, बाई?"

"सुटे करतेय," मी म्हणाले आणि कात्री त्या दोन डोळ्यांच्या मधोमध धरली.

राजानं डोळे मिटून घेतले.