नाताळचं ताट

एकेचाळीस सालचा नाताळ बेचाळीसच्या होळीआधी आठ दिवस संपला. त्या दिवशी रूथबाईंनी ताट रिकामं परत पाठवलं. पण तसं काही घडलंच नाही, असं मी घरी सांगितलं.

रूथबाई म्हणजे आमच्या साखरा गावच्या नर्सबाई. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच. नाताळला त्यांनी आमच्या मनकर्णावहिनीला ताटभर करंज्या धाडल्या. आलेलं ताट रिकामं परत करू नये, म्हणून वहिनीनं तिळाचे लाडू भरून दिले. रूथबाईंच्या घरीही रीत तीच. दोन महिने ताट काही थांबेना. ते न्यायला-आणायला मी, आणि वाटेत माझा वाटा.

"भावजी, ताट रिकामंच काहून?" वहिनीनं विचारलं.

"करंज्या होत्या. मीच खाल्ल्या."

"समद्या?"

"व्हय."

"लाज न्हाई वाटत? आता त्या बाईला रिकामं ताट कसं धाडू?" म्हणत वहिनी धपाटे थापायला बसली.

कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्या मनात तेव्हा माझाच अर्ज तयार झाला: तरी मेहेरबान तहसीलदार साहेबांनी सदर नाताळ पुढच्या नाताळापर्यंत जारी ठेवण्याचा हुकूम द्यावा, ही विनंती.